बाबांच्या चिठ्ठीतली कॉफी: घरी दाण्यांचे ब्लेंड कसे जमवावे?

सायीची_वाटी

नमस्कार मंडळी. बरेच दिवस वाचनमात्र होते, आज पहिल्यांदाच धागा काढतेय. सांभाळून घ्या.

माझे बाबा दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी ऑफिसातून परतताना माटुंग्याला उतरायचे आणि समोर दळून घेतलेली कॉफी आणायचे. आम्ही डोंबिवलीला. पिशवीतल्या वासाने लोकलमध्ये शेजारचा माणूस हमखास विचारायचा, "कुठून आणली हो?" ते दुकान आता बंद झालंय. बाबा २०१९ मध्ये गेले. गेल्या महिन्यात कपाट आवरताना त्यांच्या डायरीत दुकानाची एक चिठ्ठी सापडली. निळ्या शाईत, दुकानदाराच्या हातची:

पी.बी. ५०
प्लां. ए ३०
रो. २०
चि. २०
बा.

हरखूनच गेले मी. दोन ठिकाणांहून भाजलेले दाणे मागवले: पीबेरी, प्लँटेशन ए आणि रोबस्टा. चिकोरीची पूड वेगळी. चिठ्ठीप्रमाणे सगळं एकत्र केलं, मिक्सरवर दळलं, आईच्या जुन्या पितळी फिल्टरमध्ये घातलं. पहिला घोट नुसता कडू आणि मागून काहीच नाही. बाबांची कॉफी प्यायल्यावर कितीतरी वेळ जिभेवर राहायची. ही गिळली की संपली.

कुणी घरी असं ब्लेंड करतं का? कुठे चुकलं असेल? आणि शेवटचं "बा." म्हणजे काय?

पाऊसवेडी

काय सुंदर धागा! वाचनखूण साठवली आहे. जाणकारांची वाट बघतेय.

घाटाखालचा

पहिली चार सोपी आहेत. पी.बी. म्हणजे पीबेरी, एरवी फळात दोन चपट्या बिया असतात तिथे एकच गोल बी तयार होते ती. प्लां. ए म्हणजे प्लँटेशन ए, धुऊन तयार केलेल्या अरेबिकाची, म्हणजे कॉफीच्या नाजूक चवीच्या जातीची, प्रत. रो. रोबस्टा, ती कॉफीची दुसरी, कडक जात. चि. चिकोरी, कॉफीत मिसळतात ती भाजलेली मुळी. "बा." मात्र बाबाबुडन असणार! सूफी संत बाबाबुडन यांनी येमेनहून सात बिया लपवून आणल्या, त्या चिकमगळूरच्या ज्या डोंगरांत लावल्याचं सांगतात, ते डोंगर. तिथल्या अरेबिकाला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालंय.

कढईवाला

बाबाबुडन असतं तर ते प्लां. ए च्या शेजारी लिहिलं असतं, सगळ्यात खाली एकटं नाही. माझा अंदाज "बारीक". दळण जाड की बारीक हे दुकानदार चिठ्ठीवर शेवटीच लिहितात.

सायीची_वाटी, दोन प्रश्न. वजनाने मोजलंत की चमच्याने? आणि रोबस्टाचे दाणे दिसायला कसे होते?

गणिती_गोम

चिठ्ठीची बेरीज कुणी केली का? ५० + ३० + २० + २० = १२०. म्हणजे कॉफी शंभर भाग आणि चिकोरी वरून वीस भाग. हे "८०:२०" नव्हे. १२० मध्ये २० म्हणजे चिकोरी साधारण १७ टक्के.

सायीची_वाटी

@गणिती_गोम, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं!

@कढईवाला, चमच्याने मोजलं. पाच, तीन, दोन चमचे दाणे आणि दोन चमचे चिकोरीची पूड. रोबस्टा काळाभोर होता, तेलकट चमक असलेला. बाकीचे दोन तपकिरी, कोरडे.

कढईवाला

सापडलं. म्हणजे निदान अर्धं तरी.

दाण्यांमध्ये पोकळी राहते, पुडीत राहत नाही. आत्ता उठून काट्यावर बघितलं. माझ्याकडच्या मोठ्या चमच्यात दाणे ५ ग्रॅम भरले, चिकोरी ८ ग्रॅम. तुमचे दहा चमचे दाणे म्हणजे पन्नास ग्रॅम आणि दोन चमचे चिकोरी म्हणजे सोळा ग्रॅम. जवळजवळ पाव भाग चिकोरी झाली की! शिवाय दाणा जितका गडद भाजाल तितका तो फुगतो आणि हलका होतो, त्यामुळे काळा रोबस्टा आणि तपकिरी पीबेरी चमच्याने मोजून जुळणारच नाहीत. पाच ग्रॅमइतकं कमी वजनही नीट दाखवणारा स्वयंपाकघरातला काटा घ्या आणि मगच पुढचं बोलू.

दुसरं, भाजणी. रोबस्टा इतका गडद असेल तर त्याच्या वीस भागांत तुम्हाला रोबस्टापेक्षा कोळसाच जास्त लागतो. मध्यम भाजलेला मागवा.

आता माझी पद्धत. सहा वर्षं घरी भाजतोय, मिसळतोय. सुरुवातीला मीही दाणेच एकत्र करायचो आणि पाव पाव किलो वाया घालवायचो. आता आधी दाणे मिसळतच नाही, डिकाशन मिसळतो. प्रत्येक दाण्याची १० ग्रॅम पूड वेगवेगळ्या स्टीलच्या पेल्यात घ्यायची, त्यावर उकळून अर्धा मिनिट थांबलेलं दीडशे मिली पाणी ओतायचं, चार मिनिटं झाकण, मग फडक्याने गाळायचं. तीन पेले तयार. आता चहाच्या चमच्याने रिकाम्या वाटीत पाच चमचे हे, तीन ते, दोन ते. चव बघा. मग चार-चार-दोन. मग सहा-तीन-एक. पाऊण तासात सात-आठ ब्लेंड चाखून होतात आणि खर्ची पडते तीस ग्रॅम कॉफी. आवडलेलं प्रमाण लिहून ठेवायचं आणि मग त्या प्रमाणात दाणे वजन करून मिसळायचे. चिकोरी सगळ्यात शेवटी.

पण सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे तुम्ही जशी पिता तशी चाखा. दूध-साखर घालून पीत असाल तर प्रत्येक वाटीत तेवढंच गरम दूध घालून. काळ्या कॉफीत जो रोबस्टा दांडगाई करतो, तोच दुधात गेला की कॉफीला उभं धरतो. नुसती नाजूक अरेबिका दुधात बुडून जाते.

पाऊसवेडी

डिकाशन मिसळायची युक्ती कसली भारी आहे! गोडा मसाला करताना आजी प्रत्येक जिन्नस आधी वेगळा भाजून, चावून बघायची त्याची आठवण झाली.

कोडगूची_सून

मी मूळची सांगलीची, लग्न होऊन कर्नाटकातल्या कोडगूत (कूर्गला) आले त्याला चौदा वर्षं झाली. आमच्या घरची कॉफी आहे, अरेबिका थोडी, रोबस्टा जास्त. म्हणून रोबस्टाच्या वतीने बोलते, कारण शहरात त्याला फार वाईट वागवतात.

चिठ्ठीवर नुसतं "रो." लिहिलंय, पण रोबस्टा दोन तऱ्हेचा असतो. फळ तोडल्यावर साल काढून, धुऊन, कवचासकट वाळवलं की ते पार्चमेंट. अख्खं फळ तसंच अंगणात वाळवलं की ती चेरी. पार्चमेंट स्वच्छ लागतं, भाजलेल्या शेंगदाण्यासारखी चव येते. चेरी अंगाला जड, थोडी मातकट. जुनी चांगली दुकानं ब्लेंडमध्ये बहुधा पार्चमेंट घालायची. तुम्ही मागवताना "रोबस्टा पार्चमेंट" असं स्पष्ट लिहून मागवा.

चेरी वाळली की नाही हे आमचे सासरे अजून कानाने ठरवतात. ओंजळभर उचलतात, कानाजवळ नेऊन हलवतात. आत बी खुळखुळ वाजली की वाळली. मुका आवाज आला तर आणखी दोन दिवस ऊन. जानेवारीत आमच्याकडे हाच उद्योग असतो, दिवसातून तीन-चारदा पावडीने चेरी उलथायची, संध्याकाळी गोळा करून ताडपत्री घालायची. दव पडलं की वास धरते, आणि एकदा वास धरला की तो कपापर्यंत पोचतो.

एकलकोंडा

थोडं विरोधी मत मांडतो. ब्लेंड कशाला? आता एकाच मळ्याची, एकाच प्रतीची ताजी भाजलेली अरेबिका घरपोच मिळते. कोणत्या उंचीवर पिकली, कशी धुतली, कधी भाजली सगळं पाकिटावर असतं. ती काळी प्या, बिनसाखरेची. संत्र्याची, करवंदाची आंबट-गोड झाक कळते. मिसळलं की सगळ्या चवी एकमेकींना पुसून टाकतात. ब्लेंडचा जन्मच मुळी कमअस्सल माल खपवायला झाला, असं माझं मत.

घाटाखालचा

@एकलकोंडा, तुमच्या आवडीबद्दल काही म्हणणं नाही, पण शेवटचं वाक्य पटलं नाही. येमेनची मोखा आणि जावाची कॉफी एकत्र करायची चाल फार जुनी आहे आणि त्या काळी दोन्ही माल उत्तमच होते. एकीला वास, दुसरीला भार.

कोडगूची_सून

+१. आणि आमच्या बाजूने सांगते. मार्च-एप्रिलमध्ये फुलोऱ्याचा पाऊस वेळेवर पडला की मळा पांढराशुभ्र होतो, मोगऱ्यासारखा वास. तोच पाऊस पुढे-मागे झाला की फळं एकदम पिकत नाहीत आणि त्याच झाडांची चव दरवर्षी थोडी बदलते. गिऱ्हाइकाला मात्र गेल्या महिन्यासारखीच पूड हवी असते. ती चव सांभाळायची तर दुकानदाराला मिसळण्याशिवाय इलाज नाही. वाईट दाणा लपवणारेही आहेत हे मान्य, पण तो त्या माणसाचा दोष.

एकलकोंडा

@कोडगूची_सून, हा विचार मी केला नव्हता. दरवर्षीच्या फरकाचा मुद्दा मान्य. मी काळीच पिणार, पण ते वाक्य मागे घेतो.

जायफळप्रेमी

अवांतर आहे, पण राहवत नाही. आमच्या घरी कॉफी म्हणजे दूध, साखर आणि वरून किसलेलं जायफळ. पाहुणे आले की चहा, खास पाहुणे आले की कॉफी. दाणे कुठले, कुणी विचारायचं नाही. वास जायफळाचा!

बेळगावी_कुंदा

जायफळप्रेमी, आमच्यात वेलदोडासुद्धा. आणि मुलगी बघायला आले की हमखास कॉफी. माझ्या मावशीचं लग्न कॉफीवरच जमलं असं काका अजून सांगतात. सासूबाईंनी दुसरा कप मागितला आणि तिथेच होकार कळला!

जायफळप्रेमी

मग त्या कॉफीचं प्रमाण आधी विचारा मावशींना. घरात लग्नाची मुलं-मुली आहेत!

न्यूजर्सीकर

इथे हिरवे दाणे सहज मिळतात, त्यामुळे मी घरीच भाजतो. यंत्र म्हणजे गरम हवेवर चालणारं पॉपकॉर्नचं भांडं. एका वेळी फार तर ९० ग्रॅम, सहा-सात मिनिटांत काम होतं. फक्त टरफल घरभर उडतं, म्हणून गॅरेजचं दार उघडं ठेवून भाजतो.

ब्लेंड करणाऱ्यांना एकच सांगतो, हिरवे दाणे आधी मिसळून एकत्र भाजू नका. मी पहिल्या वर्षी तेच केलं. पीबेरी गोल असल्याने भांड्यात छान गरगर फिरत होती, चपटे दाणे मागे राहत होते. रोबस्टा फुटायला लागला तेव्हा अरेबिका पुढे निघून गेलेली. एकाच घाण्यात निम्मे कच्चे, निम्मे करपलेले. आता प्रत्येक जात वेगळी भाजतो, तीन-चार दिवस विसावू देतो आणि मग मिसळतो. ताज्या भाजलेल्या दाण्यांतून वायू निघत असतो. त्याच दिवशी दळून केली तर फेस खूप येतो आणि चव पोकळ लागते.

अमेरिकेत चिकोरी म्हटलं की न्यू ऑर्लिन्स. यादवी युद्धाच्या वेळी बंदराची नाकेबंदी झाली, कॉफी मिळेना, म्हणून चिकोरी वाढवली. युद्ध संपलं, चव राहिली. त्याआधी नेपोलियनच्या काळात फ्रान्समध्येही नाकेबंदीपायी असंच झालेलं.

सायीची_वाटी

@कढईवाला, भारतात घरी भाजायचं तर कसं? यंत्राशिवाय?

कढईवाला

माझं नावच त्यावरून आहे. जाड बुडाची लोखंडी कढई, दोनशे ग्रॅम हिरवे दाणे, मध्यम आच, आणि हात थांबवायचा नाही. आधी ओल्या गवतासारखा वास येतो. दाणे पिवळे पडले की भाकरी भाजल्यासारखा खमंग. बारा-तेरा मिनिटांनी लाह्या फुटल्यासारखे टपोरे आवाज येतात, तो पहिला तडका. इथून पुढे डोळे आणि कान कढईवरच. तो थांबला की उतरवलं तर मध्यम भाजणी. तसंच पुढे नेलं तर मोहरी तडतडावी तसे बारीक, घाईचे आवाज येतात, तो दुसरा. त्यानंतर दाण्यावर तेल दिसायला लागतं, आणि त्यापुढे सगळ्या जातींची चव सारखीच, जळकी.

उतरवल्यावर लगेच चाळणीत ओतून पंख्याखाली गार करायचं, नाहीतर आतल्या आत भाजत राहतं. मग सुपात पाखडायचं. आईने मला तांदूळ पाखडायला शिकवलं होतं, त्याचा असा उपयोग होईल असं तिला वाटलं नसेल! दोनशे ग्रॅमचे साधारण एकशे सत्तर होतात, तेव्हा प्रमाण भाजून झाल्यावरच्या वजनावर काढा. खिडक्या उघड्या ठेवा. धूर होतो, भरपूर होतो.

पण सायीची_वाटी, तुम्हाला बाबांची चव शोधायची आहे. तीन गोष्टी एकदम शिकायला जाऊ नका. सध्या भाजलेलेच आणा, सगळे एकाच ठिकाणचे, मध्यम भाजणीचे, आठवड्याभरात भाजलेले.

रानवाट

कॉफीसाठी सगळे कर्नाटकात निघालेत म्हणून सांगते, आपल्या अमरावती जिल्ह्यात चिखलदऱ्यालाही कॉफी होते. ब्रिटिशांनी लावलेली, मेळघाटाच्या डोंगरात. मी तिथली पूड आणली होती. दुधात फार टिकली नाही, पण काळी, गूळ घालून अप्रतिम लागली.

बेळगावी_कुंदा

चिकोरीला सगळे भेसळ समजतात याचं वाईट वाटतं. ती एका झाडाची मुळी असते, गाजरासारखी खणून, कापून, वाळवून, भाजून दळतात. गुजरातेत जामनगरकडे होते. तिच्यात कॅफीन अजिबात नाही. डिकाशनला जो दाट, मधासारखा रंग येतो तो तिच्यामुळे. आणि ती पाण्यात कॉफीपेक्षा कितीतरी जास्त विरघळते, म्हणून थोडी जास्त झाली तरी लगेच कळते. कायद्याने मिश्रणात कॉफी किमान ५१ टक्के लागते आणि पाकिटावर प्रमाण छापावं लागतं, तेवढं वाचून घ्या. आमच्या घरी ७०:३० आणि त्याबद्दल आम्हाला अभिमान आहे.

मुलुंडची_मैना

मॉन्सून्ड मलबार नावाचे दाणे आणलेत, फिकट पिवळे, फुगलेले. खराब आहेत का? आणि ब्लेंडमध्ये चालतील?

घाटाखालचा

खराब नाहीत, तसेच असतात. पूर्वी शिडाच्या जहाजांतून आफ्रिकेला वळसा घालून कॉफी युरोपात जायला महिनोन् महिने लागायचे. समुद्राच्या दमट हवेने दाणे फुगायचे, आंबटपणा जायचा आणि तिकडच्यांना तीच चव आवडायला लागली. १८६९ मध्ये सुएझ कालवा झाला, वाफेची जहाजं आली, प्रवास आखूड झाला, चव गेली. मग मंगळूरच्या किनाऱ्यावर गोदामांत जून ते सप्टेंबर दाणे पसरून पावसाळी वारा मुद्दाम खाऊ घालायला लागले. ब्लेंडमध्ये कॉफी आंबट वाटत असेल तर वीस-पंचवीस भाग घालून बघा, गोलाई येते.

मुलुंडची_मैना

पावसाळी हवेने आमच्याकडे पापड मऊ पडतात आणि मंगळूरला कॉफी महाग होते! धन्यवाद, घालून बघते.

कढईवाला

दळण्याबद्दल कुणी बोललं नाही. मिक्सरवरच दळत असाल तर तीन-तीन सेकंदांचे झटके, मध्ये थांबा. सलग फिरवलं तर भांडं तापतं आणि निम्मा वास किचनमध्येच उडून जातो. शक्य असेल तर हाताने फिरवायची दगडी किंवा पोलादी जात्याची छोटी गिरणी घ्या, भरड एकसारखी येते. पितळी फिल्टरला बारीक रव्यासारखी हवी. पिठासारखी झाली तर डिकाशन खाली उतरतच नाही.

सायीची_वाटी

मंडळी, दहा दिवसांनी आले. नवे दाणे आले, सगळे एकाच ठिकाणचे, रोबस्टा पार्चमेंट. काटा घेतला. रविवारी पेले मांडून बसले, नवरा वाट्या धुवायला आणि मुलगी टिपून घ्यायला.

कडूपणा गेला! चिठ्ठीच्या प्रमाणाने केलेली कॉफी खरंच चांगली झाली. पण ती बाबांची नाही. मुलीने टिपलेल्या नऊ वाट्यांत मला सगळ्यात जवळची वाटली ती सातवी, त्यात पीबेरी आठ चमचे, प्लँटेशन एक, रोबस्टा एक आणि चिकोरी चिमूटभर. चिठ्ठीपासून किती लांब! माझी आठवणच चुकतेय का?

गणिती_गोम

किंवा चिठ्ठी अपुरी आहे. आईंना विचारलंत का?

सायीची_वाटी

आईला चाखायला दिलं नव्हतं. तिला अपेक्षा लावायची आणि मग ती चव नसायची, हे नको वाटत होतं. उद्या विचारते.

सायीची_वाटी

हे लिहिताना हात थरथरतोय.

आईने चिठ्ठी हातात घेतली, बघितली आणि म्हणाली, "ही यांची. माझी कुठाय?" मी डायरी परत चाळली. मागच्या कव्हरच्या खिशात दुसरी चिठ्ठी. त्याच अक्षरात, दोनच ओळी:

पी.बी. १००
आ.

"बा." म्हणजे बाबाबुडन नाही, बारीकही नाही. बा. म्हणजे बाबा, आ. म्हणजे आई. दुकानदार दोन पुड्या बांधायचा, पाव-पाव किलोच्या. आईला चिकोरी सोसत नसे, म्हणून बाबा तिच्यासाठी नुसती पीबेरी वेगळी दळून आणायचे. पण आईला दोन डबे, दोन फिल्टर हा व्याप नको होता. ती दोन्ही पुड्या घरी आल्या आल्या एकाच स्टीलच्या डब्यात ओतायची आणि लांब चमच्याने ढवळून ठेवायची. थोडी चिकोरी चालते म्हणाली, जास्त नको.

मी विचारलं, बाबांना माहीत होतं का? म्हणाली, "पहिल्याच महिन्यात बघितलं त्यांनी मला ओतताना. काही बोलले नाहीत. पण पुढच्या महिन्यातही दोन पुड्याच आणल्या. नेहमीच दोन आणल्या."

पाऊसवेडी

डोळे भरून आले ताई.

गणिती_गोम

थांबा, हिशोब करतो. बाबांची पुडी १२० भाग धरा, आईंची तेवढ्याच वजनाची, म्हणजे १२० भाग पीबेरी. एकूण २४०:

पीबेरी १७०
प्लँटेशन ए ३०
रोबस्टा २०
चिकोरी २०

टक्क्यांत पीबेरी जवळजवळ ७१, प्लँटेशन साडेबारा, रोबस्टा आणि चिकोरी आठ-आठ. तुमची सातवी वाटी काय होती? आठ, एक, एक आणि चिमूट. ताई, तुमची जीभ अगदी बरोबर सांगत होती.

कढईवाला

सहा वर्षांत इतकं चांगलं ब्लेंड माझ्या हातून झालेलं नाही. २४० ग्रॅमच करा, भाग म्हणजेच ग्रॅम, एकाही आकड्याला हात लावू नका. आणि एक सूचना: आई करायच्या तसंच करा. दाणे मिसळून दळू नका. बाबांची पुडी वेगळी दळा, आईंची वेगळी, आणि मग डब्यात ढवळा. पीबेरीचे दाणे बारीक, प्लँटेशनचे मोठे, अख्खे मिसळून ठेवले की हलताना बारीक तळाशी बसतात आणि दर वेळी प्रमाण बदलतं. पुडीत तो प्रश्न येत नाही.

कोडगूची_सून

ताई, या जानेवारीत आमच्या मळ्यातली पीबेरी वेगळी काढून ठेवते. शंभर किलोत पाच-सात किलो निघते, पण तुमच्यापुरती निघेल. निरोपातून पत्ता कळवा. पैशांचं बोलू नका.

सायीची_वाटी

@कोडगूची_सून, काय बोलू? निरोप पाठवलाय.

आज सकाळी केली. दोन पुड्या वेगळ्या दळल्या, स्टीलचा डबा आईनेच शोधून काढला, झाकणाला अजून तोच पोचा आहे. ढवळलं तिनेच. फिल्टरला वीस मिनिटं लागली, तोवर दोघी ओट्याशी उभ्या. दूध तापलं, कप भरले. आईने एक घोट घेतला, कप खाली ठेवला आणि म्हणाली, "साखर कमी आहे. ते दीड चमचा घ्यायचे."

@जायफळप्रेमी, दुसऱ्या कपात आईने जायफळ किसलं. उकळताना घालायचं की वरून, यावरून आमचं थोडं वाजलं. तुम्ही कधी घालता?

जायफळप्रेमी

वरूनच! कप हातात द्यायच्या आधी, खिसणीवर दोन फेरे. उकळलं की कडवट होतं. आईंना माझा नमस्कार सांगा.